आपला डेटा सातासमुद्रापार, राखणदार कुणाचा?

बदलापूरच्या शिरगावात आपण मोबाईलवर नमाजची वेळ पाहतो, पण आपलं लोकेशन कुठल्या देशात जातं हे आपल्याला कळत नाही. नोव्हेंबर 2020 मध्ये 'मुस्लिम प्रो' अॅपचा लोकेशन डेटा एका दलाल कंपनीमार्फत अमेरिकी लष्कराच्या कंत्राटदारांपर्यंत जात असल्याची बातमी आली. नंतर अॅपने त्या कंपनीशी संबंध तोडले.

युरोपात काय झालं? युरोपचा डेटा अमेरिकेला पाठवण्याची व्यवस्था तिथल्या न्यायालयाने 2015 आणि 2020 मध्ये, अशी दोनदा रद्द केली. अमेरिकी पाळतीवर पुरेसा लगाम नाही, हे कारण. 2023 मध्ये तिसरी व्यवस्था आली. मात्र जानेवारी 2025 मध्ये अमेरिकेतल्या देखरेख मंडळाच्या तीन सदस्यांना हटवलं गेलं. सप्टेंबर 2025 मध्ये युरोपीय संघाच्या जनरल कोर्टाने व्यवस्था कायम ठेवली, तरी शंका मिटलेली नाही.

भारतात काय आहे? 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला. 2023 च्या डेटा संरक्षण कायद्यात 250 कोटी रुपयांपर्यंत दंड आहे. केंद्राने मनाई केलेले देश सोडून डेटा बाहेर पाठवता येतो. सरकारी यंत्रणांना सूट देण्याचा अधिकारही केंद्राकडेच. डेटा संरक्षण मंडळाचे सदस्य केंद्रच नेमतं, तेही दोन वर्षांसाठी, आणि त्यांची फेरनेमणूक होऊ शकते. मग सरकारविरुद्धची तक्रार हे मंडळ किती मोकळेपणाने ऐकेल, हा आपला प्रश्न आहे.

तोवर एवढं करू या: लोकेशनची परवानगी बंद ठेवून शहराचं नाव हाताने टाकू या.