रंगपेटीचा ताळेबंद

कोहिनूर हिरा इंग्रजांनी १८४९ साली लाहोरच्या तहात नेला. तो परत मिळावा म्हणून अधूनमधून कुणीतरी वर्तमानपत्रात पत्र लिहितं. मी त्या भानगडीत पडत नाही. माझ्याकडे माझा कोहिनूर आहे. तो शर्टाच्या वरच्या खिशात असतो, रंगाने पिवळा आहे आणि टोक गेलं की ब्लेडने तासता येतो. तासला की थोडा लहान होतो हे खरं. पण ते हिऱ्याचंही झालंच की! लंडनला नेल्यावर १८५२ साली त्यांनी तो असा काही घासला, की १८६ कॅरटांचे १०५ राहिले. आम्ही कॉमर्सवाले याला घसारा म्हणतो. मात्र एका वर्षात एवढा घसारा कुठल्याही ऑडिटरने मंजूर केला नसता.

ही पेन्सिल काढली हार्टमुथ नावाच्या ऑस्ट्रियन कंपनीने. १८८९ च्या पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात तिने आपली सर्वांत भारी पेन्सिल मांडली, तिला पिवळाधमक रंग दिला आणि नाव ठेवलं ‘कोहिनूर’. हिरा आपला, तो नेला इंग्रजांनी आणि नाव लावलं ऑस्ट्रियनांनी. पुढे जगभरच्या पेन्सिली पिवळ्या होऊ लागल्या त्याला ही एक पेन्सिल बरीचशी जबाबदार आहे.

आता ‘शिसपेन्सिल’ या शब्दाकडे या. शिसपेन्सिलीत शिसं नसतं आणि कधीही नव्हतं. सोळाव्या शतकात इंग्लंडच्या उत्तरेला, कंबरलंडमध्ये बॉरोडेल म्हणून खोरं आहे तिथे, एक काळा चकचकीत दगड सापडला. लोकांना वाटलं हे शिशाचंच भावंड असावं. मेंढपाळ त्याने मेंढ्यांवर खुणा करू लागले. पुढे कळलं की तोफेचे गोळे ओतायच्या साच्याला आतून हाच दगड फासला की गोळा गुळगुळीत निघतो. झालं! मेंढ्या बाजूला राहिल्या आणि खाणीवर हत्यारबंद पहारा बसला. १७५२ साली तर पार्लमेंटने या खाणीतली चोरी हा गंभीर गुन्हा ठरवणारा खास कायदाच केला. आमच्या शाखेत काउंटरवरचं बॉलपेन सुतळीने बांधलेलं असतं, त्याला हसणाऱ्या मंडळींनी हे लक्षात घ्यावं. लिहायच्या वस्तूची राखण करण्याची परंपरा फार जुनी आहे.

१७९३ मध्ये इंग्लंड-फ्रान्स युद्ध सुरू झालं आणि फ्रान्सला हा माल मिळेना. तेव्हा निकोलस कॉन्ते या हिकमती गृहस्थाने हलक्या ग्राफाइटची पूड केली, तीत चिकणमाती मिसळली, कांड्या वळल्या आणि भट्टीत भाजल्या. १७९५ मध्ये पेटंट घेतलं. माती जास्त घातली की पेन्सिल कडक, कमी घातली की मऊ. आपण दुकानात ‘एचबी द्या’ म्हणतो ते या मातीच्या प्रमाणाविषयी बोलत असतो. दुकानदारालाही हे ठाऊक नसतं, म्हणून व्यवहार सुरळीत चालतो.

मला हे सगळं कळण्याचं कारण म्हणजे माझी वही. गेली अकरा वर्षं मी खिशात एक छोटी कोरी वही बाळगतो आणि दिवसाला निदान एक चित्र काढतो. चित्र म्हणजे फार काही नव्हे. लोकलमधला झोपलेला माणूस, चहाचा ग्लास, मॅनेजरसाहेबांची पाठ. (पुढची बाजू काढायला अजून धीर झालेला नाही.) ‘अहो, त्यापेक्षा रोजचा हिशेब लिहा,’ असं सौभाग्यवतींचं मत आहे. पण हिशेब मी दिवसभर लोकांचा लिहितो. शिवाय मोठमोठ्या माणसांनी हेच केलं आहे. इंग्रज चित्रकार टर्नर १८५१ साली गेला, तेव्हा त्याच्या मागे सुमारे तीनशे स्केचबुकं निघाली. आपल्याकडे रावबहादूर धुरंधर घ्या. १८९० साली कोल्हापूरहून येऊन ते जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये विद्यार्थी म्हणून दाखल झाले, ते १९३१ पर्यंत त्याच वास्तूत शिकवत राहिले आणि आत्मचरित्राचं नावही त्यांनी ‘कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे’ असंच ठेवलं. एका खात्यात इतकी वर्षं काढलेला माणूस म्हटला की मला आपोआप जवळचा वाटतो. त्यांनी मुंबईच्या रस्त्यावरची माणसं जी टिपून ठेवली आहेत, फेरीवाल्या, भय्ये, पारशी, पागोट्यांचे शंभर प्रकार, ती पाहिली की वाटतं, हा माणूस नुसता पाहत नव्हता, नोंद करत होता.

वहीच्या पाठोपाठ आली पेटी. ही माझ्या मामाची. मामा टपालखात्यात होता आणि रविवारी निसर्गचित्रं काढायचा. काळ्या पत्र्याची, आतून पांढऱ्या मुलाम्याची विलायती पेटी. बारा खण. झाकण उघडलं की तेच ताट, त्यातच रंग कालवायचे. मामा गेल्यावर मामीने घर आवरायला काढलं आणि ही पेटी भंगारवाल्याच्या तराजूत पडायच्या बेतात असताना मी ती उचलली. तिचा ताळेबंद मी त्याच दिवशी मांडला. तांबडा संपलेला. हिरवा अर्धा. निळ्याच्या खणाला मध्ये खड्डा पडून तळाचा पत्रा दिसतोय. पिवळ्याला एका बाजूने कडा उरलेली. तपकिरी मात्र जवळजवळ शाबूत. मामा निळ्याचा माणूस होता हे मला त्याच्या हयातीत कधी कळलं नव्हतं.

अशा पेट्या मुळात निघाल्या त्या लंडनच्या रीव्ह्ज बंधूंमुळे. त्याआधी चित्रकार खल घेऊन रंग कुटत बसायचा. रीव्ह्जनी रंगात डिंक वगैरे घालून साबणासारख्या वड्या पाडल्या, ओला ब्रश फिरवला की रंग तयार. १७८१ साली तिथल्या सोसायटी ऑफ आर्ट्‌सने त्यांना रुप्याची रंगपाटी बक्षीस दिली. तैलरंगवाल्यांचे हाल याहून वाईट होते. ते रंग डुकराच्या फुग्यात भरून ठेवत आणि टाचणीने भोक पाडून पिळत. एकदा भोक पडलं की फुगा धड बंद होत नसे. १८४१ मध्ये जॉन रँड नावाच्या अमेरिकन चित्रकाराने कथलाची पिळायची ट्यूब काढली आणि चित्रकार घराबाहेर पडले. आज आपण सकाळी दात घासताना त्याच माणसाचे उपकार वापरतो.

पण खरी गंमत रंगांच्या कुळकथांत आहे. सोयरीक जुळवताना करतात तशी रंगांच्या घराण्याची चौकशी करू नये, असं माझं मत झालं आहे.

‘इंडियन यलो’ घ्या. युरोपातले चित्रकार या सोनेरी पिवळ्यावर लट्टू होते, पण तो कशाचा करतात याचा पत्ता कुणाला नव्हता. गोळे यायचे कलकत्त्याहून आणि वास यायचा भलताच. शेवटी १८८३ साली त्रैलोक्यनाथ मुखर्जी या बंगाली अधिकाऱ्याने लंडनला लेखी खुलासा पाठवला. बिहारात मुंगेरजवळ मिर्झापूर म्हणून खेडं आहे. तिथले काही गवळी गाईंना आंब्याची पानं आणि पाणी एवढ्यावरच ठेवतात, त्यांचं मूत्र धरतात, आटवतात, गाळतात आणि त्या साक्याचे गोळे वळून वाळवतात. गाई बिचाऱ्या खंगलेल्या दिसतात आणि इतर गवळी या गवळ्यांना नावं ठेवतात, हेही त्यांनी नमूद केलं. पुढे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हा रंग बाजारातून नाहीसा झाला. नंतर अनेकांनी ही हकीकत थाप ठरवली. पण मुखर्जींनी पाठवलेले नमुने लंडनच्या क्यू उद्यानात जपून ठेवलेले होते. २०१९ साली त्यांच्या रासायनिक तपासणीचे निष्कर्ष छापून आले आणि मुखर्जींच्या हकीकतीला पुष्टी मिळाली. सरकारी माणसाचा अहवाल सव्वाशेहून अधिक वर्षांनी का होईना खरा ठरतो, याचं मला कोण समाधान वाटलं!

तपकिरीची कथा याहून भयंकर. ‘ममी ब्राउन’ नावाचा एक रंग असे, आणि तो नावाप्रमाणेच खऱ्याखुऱ्या इजिप्शियन ममी दळून केलेला असे. बर्न-जोन्स या इंग्रज चित्रकाराला हे उशिरा कळलं. भल्या माणसाने आपली ट्यूब उचलली, घरच्यांना घेऊन बागेत गेला आणि तिचं रीतसर दफन केलं. त्या अंत्ययात्रेत एक लहान भाचा होता, त्याने मोठेपणी ही आठवण लिहून ठेवली. भाच्याचं नाव रुडयार्ड किपलिंग. हा मुलगा १८६५ साली मुंबईत जे. जे. स्कूलच्या आवारातच जन्मला, कारण त्याचे वडील तिथे शिक्षक होते. आणि १९६४ साली लंडनच्या एका रंगवाल्या कंपनीच्या प्रमुखाने सांगितलं, की त्यांच्याकडच्या ममी आता संपत आल्यामुळे रंग बंद केला आहे. म्हणजे स्टॉक संपला म्हणून. दया आली म्हणून नव्हे.

हे वाचल्यावर मी रात्री मामाच्या पेटीतला शाबूत तपकिरी खण दिव्याखाली धरून पाहिला. वडीवर ‘बर्न्ट सिएना’ असं कोरलेलं निघालं. म्हणजे साधी भाजलेली माती. मामा सुटला, मीही सुटलो. हिरव्याचं मात्र सांगवत नाही. एकोणिसाव्या शतकातले काही झगझगीत हिरवे सोमल घालून केलेले असत, आणि मामाला ब्रशचं टोक ओठांत धरून काढायची सवय होती. तो चौऱ्याऐंशी वर्षं जगला. तुम्ही असं करू नका.

राहता राहिला निळा. उंची निळा एके काळी अफगाणिस्तानातल्या बदख्शानच्या खाणीतल्या लाजवर्दी दगडापासून काढत आणि युरोपात तो सोन्याच्या तोडीच्या भावाने विकला जाई. देवाच्या आईची वस्त्रं त्याने रंगवायची, आणि गिऱ्हाईक करारात लिहून घ्यायचं की हाच निळा वापरीन. १८२४ मध्ये फ्रान्समधल्या एका संस्थेने स्वस्तात कृत्रिम निळा करणाऱ्याला सहा हजार फ्रँकांचं बक्षीस लावलं आणि चार वर्षांत ते गिमे नावाच्या रसायनवाल्याने पटकावलं. मग हा निळा इतका स्वस्त झाला, इतका स्वस्त झाला, की त्याच्या पुड्या बांधून नीळ म्हणून विकू लागले. आपल्या आयांनी बादलीत फडक्याची पुरचुंडी बुडवून धोतरं आणि शाळेचे सदरे ज्यात खळबळले, ती हीच. राजेरजवाड्यांना जो रंग तोळ्याने मोजून मिळायचा, त्यात माझ्या बनियनने दर रविवारी आंघोळ केली आहे.

हा इतिहास कळल्यापासून घरात वाद सुरू आहे. मुलगी म्हणते, ‘बाबा, पेटी जपून ठेवा. जुनी आहे, लोक अशा वस्तू हौसेने विकत घेतात.’ सौभाग्यवतींच्या मते ती माळ्यावर जावी. मला वाटतं की वापरावी. डिंकातल्या रंगाचा गुणच असा, की चाळीस वर्षं वाळून खडखडीत झाला तरी पाण्याचा थेंब पडताच जागा होतो. बँकेत आम्ही दहा वर्षं न हललेलं खातं थेट रिझर्व्ह बँकेच्या फंडाकडे रवाना करतो. माझ्या मते रंगाचं खातं चालू राहावं. पण निळा आता तुरीच्या चार डाळींएवढाच उरला आहे. म्हणून नियम केला: मामाचा निळा फक्त नोव्हेंबरात.

नोव्हेंबर का, ते सांगतो. त्या महिन्यात पेन्शनर मंडळी हयातीचा दाखला द्यायला येतात. आता बोटाच्या ठशावर, मोबाइलवर, घरबसल्या दाखला देता येतो. तरी काहीजण येतातच. ठसा उमटत नाही हे एक कारण, आणि कुणाशी तरी बोलायला मिळतं हे दुसरं. जेवणाच्या सुट्टीत मी बाकावरची दोघं-तिघं वहीत उतरवतो. नोव्हेंबरांची पानं एकापुढे एक लावली की काही चेहरे पुढच्या पानावर नसतात. त्याची नोंद आमच्या संगणकात वेगळ्या रीतीने होते.

गेल्या नोव्हेंबरात एक आजी आल्या. पोस्टमनची फॅमिली पेन्शन, वय नव्वदीच्या आसपास, अंगावर निळं सुती लुगडं. मी पेन्सिलीने रेघा मारल्या, बाटलीच्या झाकणात पाणी घेतलं आणि मामाच्या निळ्यातला एक डाळीएवढा लुगड्यावर खर्च केला. आजींनी कधी पाहिलं कोण जाणे. काठी टेकत काउंटरपाशी आल्या.

‘बघू रे बाबा.’

वही दाखवली. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून बराच वेळ निरखलं.

‘लुगडं बरं जमलंय. नाक माझं नाही. तुझ्या साहेबाचं आहे.’

मी म्हटलं, ‘आजी, साहेबांची फक्त पाठ काढतो मी.’

‘असू दे. तारीख घाल खाली. तारखेशिवाय मानायचे नाहीत.’

मी तारीख घातली. त्यांनी ती दोनदा वाचून घेतली आणि मग दाखल्याच्या फॉर्मवर अंगठा उठवला.