राजीव रवी : कॅमेऱ्यामागून निर्मितीकडे

राजीव रवी हे छायालेखक, दिग्दर्शक आणि निर्माते आहेत. हिंदी प्रेक्षकांनी त्यांचे काम 'देव डी' (२००९), 'गुलाल' (२००९) आणि 'गँग्ज ऑफ वासेपूर'च्या दोन्ही भागांत (२०१२) पाहिले आहे. नाव मात्र फार थोड्यांना ठाऊक, कारण आपल्याकडे कॅमेरामनचे नाव वाचायला कोणी थांबत नाही. आंबेडकरी तरुणांनी त्यांची ओळख करून घ्यावी याचे कारण वेगळे आहे. हिंदीत नाव झाल्यावर त्यांनी मल्याळममध्ये असे चित्रपट केले, ज्यांच्या केंद्रस्थानी जात, जमीन आणि मजुरी हे विषय आहेत. काहींच्या निर्मितीतही ते स्वतः उतरले.

राजीव रवी मूळचे केरळमधील एर्नाकुलमचे. छायालेखनाचे शिक्षण त्यांनी पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये घेतले. मुंबईच्या बारमध्ये नाचणाऱ्या स्त्रीची गोष्ट सांगणारा 'चांदनी बार' (२००१) हा त्यांच्या सुरुवातीच्या चित्रपटांपैकी एक. पुढे 'क्लासमेट्स' (२००६) हा मल्याळम चित्रपट आणि अनुराग कश्यप यांच्यासोबतचे अनेक चित्रपट त्यांनी केले. जागेवर असेल तो उजेड वापरायचा, कॅमेरा हातात धरून माणसांच्या मागे चालायचे, ही त्यांची ओळख. गीतू मोहनदास यांच्या 'लायर्स डाइस'साठी त्यांना २०१३ सालचा सर्वोत्कृष्ट छायालेखनाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. शहरात मजुरीला गेलेला नवरा परत येत नाही, म्हणून डोंगरातल्या गावातून त्याला शोधत निघालेल्या बाईची ही कथा आहे.

निर्मितीकडे वळण्याची सुरुवात त्याच्या थोडी आधी झाली. फिल्म इन्स्टिट्यूटच्या ओळखीतले आणि कामातले सोबती एकत्र येऊन 'कलेक्टिव्ह फेज वन' हा गट उभा राहिला. त्यात दिग्दर्शक कमल के. एम., छायालेखक मधु नीलकंठन, संकलक बी. अजितकुमार आणि कला दिग्दर्शक सुनील बाबू होते. म्हणजे एरवी मानधन घेऊन बाजूला होणारे तंत्रज्ञच इथे निर्माते झाले. गटाचा पहिला चित्रपट 'आय. डी.' (२०१२). ध्वनीसाठी ऑस्कर मिळवलेले रसूल पूकुट्टी हेही त्याच्या निर्मात्यांत होते. मुंबईतल्या एका फ्लॅटमध्ये भिंत रंगवायला आलेला मजूर कोसळतो आणि मरतो. त्याचे नाव-गाव कोणालाच माहीत नसते. घरातली तरुणी मोबाइलमधला त्याचा फोटो दाखवत शहरभर फिरते. 'लायर्स डाइस' आणि 'आय. डी.' पाठोपाठ पाहावेत. दोन्हीत हरवलेला मजूर आहे आणि दोन्हीत मुख्य भूमिकेत गीतांजली थापा आहे. एकीत ती त्याची बायको, दुसरीत त्याला नीट न पाहिलेली शहरी मुलगी.

२०१६ हे वर्ष महत्त्वाचे. त्या एका वर्षात त्यांनी 'उडता पंजाब'चे छायालेखन केले, 'कम्मटिपाडम' दिग्दर्शित केला आणि 'किस्मत' या मल्याळम चित्रपटाच्या निर्मितीत भाग घेतला. 'किस्मत'चे दिग्दर्शक शानवास बावक्कुट्टी हे पोन्नानीचे नगरसेवक राहिलेले. अठ्ठावीस वर्षांची दलित संशोधक विद्यार्थिनी आणि तिच्याहून लहान मुस्लिम तरुण संरक्षण मागायला पोलीस ठाण्यात जातात, तिथे बसवून ठेवले जातात, आणि त्यांचा दिवस तसाच सरतो. आंतरजातीय विवाहासाठी ठाण्याची पायरी चढलेल्यांना हे वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.

'कम्मटिपाडम' हे नाव कोची शहरातल्या खऱ्या वस्तीचे. भातखाचरे बुजवून तिथे इमारती उभ्या राहिल्या आणि त्या जमिनीवर राबणारे दलित बाहेर फेकले गेले. चित्रपटातली बालन आणि गंगा ही दलित पोरे गुंड होतात आणि बिल्डरसाठी आपल्याच माणसांना हुसकावतात. केरळच्या जमीन सुधारणांचे कौतुक आपण नेहमी ऐकतो. पण तिथे कुळांना शेती मिळाली, शेतमजुरांच्या वाट्याला मुख्यतः झोपडीपुरती जागा आली. गावात कमाल दहा सेंट, म्हणजे आपल्या हिशेबाने चार गुंठे, आणि महानगरपालिकेच्या हद्दीत तीन सेंट, म्हणजे जेमतेम सव्वा गुंठा. दादासाहेब गायकवाडांच्या भूमिहीन सत्याग्रहाचा वारसा सांगणाऱ्यांना यातली मेख लगेच कळेल.

गंगाच्या भूमिकेसाठी विनायकन यांना केरळ राज्याचा सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा पुरस्कार मिळाला. त्याआधी वीसेक वर्षे ते बहुतांशी छोट्या, गुंडछाप भूमिकांत दिसत होते. तरीही एक तक्रार नोंदवावी लागते. ही गोष्ट दिसते ती कृष्णन या दलितेतर मित्राच्या नजरेतून, आणि ती भूमिका दुल्कर सलमान या ताऱ्याकडे आहे. गंगाच्या जगण्याला कथा सांगण्याचा अधिकार मिळत नाही. पा. रंजित यांनी 'नीलम प्रॉडक्शन्स' काढून मारी सेल्वराज यांचा 'परियेरुम पेरुमाल' (२०१८) केला, तेव्हा नेमका हाच फरक पडला. तिथे गोष्ट परियनची आणि सांगणाराही तोच. राजीव रवींचे काम मोलाचे आहे, पण ते सोबत्याचे काम आहे, एवढे लक्षात ठेवून पाहावे.

त्यानंतरचा त्यांचा मोठा चित्रपट 'तुरमुखम'. मट्टानचेरी बंदरात मजुरांच्या गर्दीत धातूचे बिल्ले, तिथल्या भाषेत 'चाप्पा', फेकले जात. ज्याच्या हाती बिल्ला लागेल त्याला त्या दिवशीचे काम. बिल्ल्यासाठी माणसे एकमेकांवर तुटून पडत. या पद्धतीविरुद्धच्या लढ्यात १९५३ साली पोलीस गोळीबार झाला. के. एम. चिदंबरन यांनी त्यावर नाटक लिहिले होते, त्यावरून त्यांच्या मुलाने, गोपन चिदंबरम यांनी, पटकथा केली. दिग्दर्शन आणि छायालेखन दोन्ही राजीव रवींचे, निर्मिती मात्र दुसऱ्याची. प्रदर्शनाची तारीख पुन्हापुन्हा पुढे ढकलली गेली आणि अखेर मार्च २०२३ मध्ये चित्रपट थिएटरात लागला.