सापशिडीतले पुसलेले शब्द



वाढदिवसाचे खेळ म्हटले की हल्ली दोनच वाटा दिसतात. एक तर हॉल घ्यायचा आणि माईकवर खेळ घेणारा माणूस बोलवायचा, नाही तर मुलांच्या हातात मोबाईल देऊन मोठ्यांनी गप्पा मारत बसायचं. तिसरी वाट घरातच असते: एक जुनी चादर, थोडा रंग आणि मूठभर चिंचोके. यंदा नातवाच्या सातव्या वाढदिवसाला आम्ही चादरीवर सापशिडी मांडली. कशी मांडली ते पुढे सांगते, पण आधी या खेळाचा इतिहास सांगायला हवा. तो वाचला म्हणूनच आमचा पट बाजारातल्या पटापेक्षा वेगळा झाला.

इतिहासाकडे मला वळवलं ते नातवाच्या एका प्रश्नानं. उन्हाळ्याच्या सुट्टीत खेळताना तो अठ्ठ्याण्णववर गेला आणि सापानं त्याला थेट खाली आणलं. रडं आवरून तो म्हणाला, "आजी, मी काहीच चूक केली नव्हती. मग साप मलाच का चावला?" 'नशीब रे बाळा' असं म्हणून विषय संपवता आला असता. पण आपल्याकडे नशीब हे काही उत्तर नव्हे. केल्याशिवाय फळ नाही, असं आपण मुलांना शिकवतो. मग ज्या खेळात काहीच न करता शिक्षा होते, तो खेळ आपण त्यांच्यापुढे ठेवतो कसा?

याचं उत्तर जुन्या पटांवर आहे. सापशिडी हा मूळचा भारतातला खेळ. उत्तरेत त्याला ज्ञानचौपड म्हणत, आपल्या मराठी मुलखात मोक्षपट. मोक्षपट ज्ञानेश्वर महाराजांनी केला असं परंपरा सांगते. आज जे जुने पट पाहायला मिळतात ते मात्र बहुतेक गेल्या दोन-तीनशे वर्षांतले, कापडावर किंवा कागदावर हातानं रंगवलेले आहेत. वैष्णवांचा पट बहुधा ७२ घरांचा आणि त्याच्या माथ्यावर वैकुंठ. सूफी मंडळींनीही आपल्या साधनेच्या पायऱ्या दाखवणारे पट केले.

जैनांच्या पटाला ज्ञानबाजी असं नाव होतं. गुजरात आणि राजस्थानात असे पट बरेच मिळाले आहेत. त्यांत साधारणपणे ८४ घरं असतात. हा आकडा ऐकला की मला तरी चौऱ्याऐंशी लक्ष योनी आठवतात. मांडणी आपल्या ओळखीची आहे. खालच्या भागात नरक, वर देवलोक आणि सगळ्यांच्या माथ्यावर सिद्धशिला. आपण देवापुढे तांदळाचा स्वस्तिक काढतो तेव्हा चार गती, त्यावर रत्नत्रयाचे तीन ठिपके आणि वर सिद्धशिलेची चंद्रकोर काढतो. ज्ञानबाजी म्हणजे तोच तांदळाचा स्वस्तिक मोठा करून, घरं पाडून खेळायला दिलेला. श्वेतांबर समाजात पर्युषणाच्या दिवसांत हा पट मांडला जाई.

इथे कोणालाही शंका येईल. सप्तव्यसनांत पहिलं नाव जुगाराचं, मग पर्वाच्या दिवसांत कवड्या टाकून खेळ कसा चाले? जुगाराला जुगारपण येतं ते पैजेनं. ज्ञानबाजीत लावायला पैसा नव्हता आणि दुसऱ्याचं काढून घ्यायलाही काही नव्हतं. सारीपाटात दुसऱ्याची सोंगटी मारावी लागते, इथे कोणी कोणाला मारत नाही. प्रत्येक जण आपापल्या वाटेनं चढतो आणि आपल्याच सापानं उतरतो. आपल्या कर्मसिद्धांताला इतका जवळचा दुसरा बैठा खेळ मला तरी माहीत नाही.

आता मुख्य गोष्ट. या जुन्या पटांवर प्रत्येक घरात शब्द लिहिलेला असे. कुठे दया, कुठे क्रोध, कुठे तप, कुठे लोभ. सोंगटी घरात आली की नाव वाचायचं, मग चढायचं किंवा उतरायचं. साप चावला तर का चावला, ते तिथेच लिहिलेलं असे. मी बी.कॉम. झाले तेव्हा रोजकीर्दीतल्या प्रत्येक नोंदीखाली कंसात स्पष्टीकरण लिहावं लागे. स्पष्टीकरण नसलं की गुण कापत. नाव नसलेला साप म्हणजे स्पष्टीकरण न लिहिता खात्यावर नावे टाकलेली रक्कम. सात वर्षांच्या पोरानं तीच हरकत घेतली होती.

मग हे शब्द गेले कुठे? इंग्रजांच्या काळात असे पट साहेबांच्या नजरेत भरले. लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीला १८३१ मध्ये असा एक ७२ घरांचा पट भेट मिळाला होता. १८९० नंतर इंग्लंडमधल्या खेळणी बनवणाऱ्यांनी सापशिडी बाजारात आणली. त्याच दशकात, १८९६ मध्ये, पचिसीवरून बेतलेल्या ल्युडोचं पेटंटही तिथे घेतलं गेलं. सुरुवातीच्या इंग्रजी सापशिडीवर नीतीची चित्रं होती, पण नीती बदललेली होती. काटकसर आणि उद्योग यांच्या शिड्या होत्या, आळस आणि आज्ञाभंग यांचे साप होते. उद्योगाची शिडी यशाकडे जाई आणि आळसाचा साप दारिद्र्याकडे. माथ्यावरचा मोक्ष नाहीसा झाला आणि त्याच्या जागी ऐहिक यश आलं. जुन्या पटांवर बहुधा साप जास्त आणि शिड्या कमी असत, इंग्रजी पटांवर दोन्ही सारखे झाले. पुढे हळूहळू चित्रंही गेली आणि एक ते शंभर आकडे तेवढे उरले. अमेरिकेत १९४३ मध्ये सापांच्या जागी घसरगुंड्या आल्या. पण त्या पटावर मुलांच्या चांगल्या-वाईट कृत्यांची चित्रं ठेवली होती. म्हणजे तिथे कारण तरी शिल्लक राहिलं.

आपल्याकडे मात्र पुठ्ठ्याच्या एका बाजूला ल्युडो आणि दुसऱ्या बाजूला सापशिडी अशी जोडी दुकानात आली. आपण ती विलायती खेळ म्हणूनच लहानपणी खेळलो आणि पुढच्या पिढीला दिली. खेळ घरचाच होता. परत आला तेव्हा त्यावरचे शब्द पुसलेले होते, एवढंच.

शब्द पुसले गेल्यानं किती गेलं, ते शेवटच्या ओळीतल्या सापावरून कळतं. मोक्ष चार घरांवर आणि तिथे सर्वांत लांब साप! खेळणाऱ्याला हा निव्वळ दुष्टपणा वाटतो. पण चौदा गुणस्थानं ज्यांनी अभ्यासली आहेत त्यांना यात नवल वाटणार नाही. अकरावं गुणस्थान उपशांतमोहाचं. तिथे मोह गेलेला नसतो, दबलेला असतो. गढूळ पाण्यात तुरटी फिरवली की गाळ तळाशी बसतो आणि पाणी नितळ दिसतं. भांड्याला धक्का लागला की गाळ पुन्हा वर येतो. म्हणून अकराव्यावर पोहोचलेला जीव तिथून खाली येतोच. ज्यानं गाळच काढून टाकला तो दहाव्यावरून सरळ बाराव्यावर जातो, अकराव्याला शिवतही नाही. आणि दहाव्या गुणस्थानापर्यंत टिकून राहणारा कषाय कोणता? सूक्ष्म लोभ. इतकं चढल्यावरही थोडीशी हाव उरते.

हे वाचल्यावर आमच्या चादरीवरचा शेवटचा साप कोणता, ते ठरूनच गेलं.

आता कृती. डबल बेडची जुनी पांढरी चादर घेतली, ९० बाय १०० इंचांची. त्यावर फूटभराची घरं, सात ओळी, सात रकाने, एकूण ४९. मोजताना लक्षात आलं की सात फूट म्हणजे ८४ इंच. योगायोगच, पण मला आनंद झाला. फॅब्रिक रंगानं आकडे घातले. साप म्हणजे जुन्या ओढण्यांना पीळ घालून केलेल्या दोऱ्या, शिड्या म्हणजे फाटक्या साड्यांचे काठ. दोन्ही टाके घालून चादरीवर बसवले. सापांना डोळे काढले, पण भयंकर केले नाहीत. आपल्या घरातली मुलं साप प्रथम पाहतात तो पार्श्वनाथ भगवंतांच्या मस्तकावर फणा धरणारा. श्वेतांबर परंपरेत चंडकौशिकाची कथा आहे. तो आधीच्या जन्मात मुनी होता, क्रोधानं घसरत सर्पयोनीत आला आणि भगवान महावीरांच्या बोलण्यानं शांत होऊन देवलोकात गेला. सापालाही शिडी मिळते, हे मुलांना कळायला हवं.

साप चारच ठेवले, कारण कषाय चार. येणारी मुलं सगळ्या घरांतली, म्हणून नावं साध्या मराठीत लिहिली. १८ वर राग, तिथून ३ वर. ३१ वर लबाडी, तिथून १२ वर. ४० वर गर्व, तिथून २२ वर. आणि ४७ वर हाव, तिथून थेट ५ वर. शिड्या पाच: ४ वर 'वाटून खाल्लं' (१६ वर), ९ वर 'खरं सांगितलं' (२७ वर), १४ वर 'मुंगीला वाट दिली' (३० वर), २४ वर 'माफ केलं' (४३ वर) आणि ३३ वर 'न सांगता मदत केली' (४६ वर).

फासा नको होता, आणि कवडी म्हणजे शेवटी जिवाचंच कवच, म्हणून तीही नको. चार चिंचोके घेतले, प्रत्येकाची अर्धी फाक. टाकल्यावर जितके पांढरे वर तितकं दान, चारही काळे पडले तर आठ. मुलं बारा होती, त्यांचे तीन-तीनचे चार गट केले. सोंगट्या मुलंच. गटातलं एक मूल पटावर उभं राहायचं आणि साप किंवा शिडी आली की दुसऱ्यानं जागा घ्यायची. त्यामुळे कोणी ताटकळलं नाही आणि सूर्यास्ताच्या आत जेवणंही आटोपली.

एक नियम मात्र विचार करून घातला. सूनबाईचं म्हणणं होतं की साप चावलेल्याला मित्रानं आपलं एक दान देऊन वाचवावं. कल्पना गोड होती, पण आपल्याकडे कोणाचं कर्म कोणी वाटून घेत नाही. मग असं ठरवलं: प्रत्येक ओढणीच्या मध्यावर एक गाठ. सापाच्या घरात आलेल्या मुलानं तसं आपल्या हातून कधी घडलं ते सगळ्यांसमोर सांगितलं, तर गाठीखालच्या घरापर्यंतच उतरायचं. नाही सांगितलं तर पूर्ण खाली. जबरदस्ती नाही, हसायचं नाही. दान हातात नसतं, पण त्यानंतर काय करायचं ते असतं. उदय आणि निर्जरा यांतला हा फरक मला व्याख्या न सांगता मुलांपर्यंत पोहोचवायचा होता.

पहिली दोन मुलं गप्प राहून पूर्ण खाली गेली. मग एका मुलीनं ताईचा कंपास मोडून मांजरावर ढकलल्याचं सांगितलं आणि ती गाठीवर थांबली. त्यानंतर जी रांग लागली! कोणी डब्यातली भाजी फेकलेली, कोणी मित्राला चिडवलेलं. नातू ४७ वर आला तेव्हा हळूच म्हणाला, "मला पहिलंच यायचं होतं." आणि स्वतःच मोजत गाठीपर्यंत गेला. रडला नाही. पहिला आला तो दुसराच गट. बक्षीस सगळ्यांना सारखंच, एकेक पेन्सिल.

तुम्ही पट केलात तर नावं माझी घेऊ नका. आपल्या घरातल्या मुलांना विचारा की कशामुळे खाली आल्यासारखं वाटतं आणि कशामुळे वर गेल्यासारखं. ती सांगतील तेच शब्द घरात लिहा. पाच वर्षांखालच्या मुलांसाठी २५ घरं आणि दोन साप पुरेत. दहाच्या पुढच्यांना हवे तर साप वाढवा, जुन्या पटांवर ते जास्तच असत. रंग पक्का वापरा, म्हणजे चादर धुता येईल आणि पुढच्या वाढदिवसाला पुन्हा अंथरता येईल.