हेडफोन ॲम्प घ्यायचा का? आधी १९७९ मध्ये जाऊ या

या आठवड्यात एकाचा मेसेज आलाय. नोकरीचा पहिला पगार झालाय, बारा हजारांचा हेडफोन ॲम्प कार्टमध्ये टाकून ठेवलाय, घेऊ का? असले मेसेज मला बरेच येतात. उत्तर एका शब्दात देता येईल, पण मग "का" कळणार नाही. ही वस्तू एका ठरावीक काळातल्या ठरावीक अडचणीतून जन्माला आली. ती अडचण तुमच्याकडे आहे का, एवढंच बघायचं.

गंमत म्हणजे सुरुवातीला हेडफोन होते आणि ॲम्प नव्हता. १९१० च्या सुमारास अमेरिकेतल्या युटामध्ये नेथॅनियल बाल्डविन नावाचा माणूस स्वयंपाकघरात हेडफोन बनवून नौदलाला विकायचा. तेव्हाच्या साध्या रिसीव्हरमध्ये सिग्नल मोठा करणारं काहीच नसायचं. अँटेनातून जेवढं टिचभर येईल तेवढ्यावरच कानातला पडदा हलायला हवा. म्हणून हेडफोनच अतिशय संवेदनशील करावा लागला.

पुढे घराघरात मोठे स्टिरिओ आले. १९५८ मध्ये मिलवॉकीच्या जॉन कॉसने गाणी ऐकण्यासाठी स्टिरिओ हेडफोन आणला. १९६८ मध्ये जर्मनीच्या सेनहायझरने एचडी ४१४ काढला, त्याचा इम्पिडन्स २००० ओहम. इम्पिडन्स म्हणजे ढोबळपणे विजेला होणारा अडथळा. तो जास्त असेल तर करंट कमी लागतो, पण व्होल्टेज जास्त लागतं. आणि व्होल्टेजची तेव्हा चंगळ होती, कारण स्पीकर दणाणून सोडणाऱ्या ॲम्पलाच हेडफोनचा जॅक असायचा. वेगळा डबा कोण कशाला घेईल?

मग १ जुलै १९७९ ला सोनीने वॉकमन विकायला काढला आणि सगळं गणित फिरलं. त्यात दोन पेन्सिल सेल, म्हणजे मिळून ३ व्होल्ट. एवढ्यातून आवाजाची लाट काढायची तर वर दीड, खाली दीड. आदर्श परिस्थितीतही हिशोबाला साधारण १ व्होल्टच हाती लागतो, प्रत्यक्षात त्याहून कमी. आता पॉवर म्हणजे व्होल्टेजचा वर्ग भागिले इम्पिडन्स. १ व्होल्टवर ३२ ओहमच्या हेडफोनला सुमारे ३१ मिलीवॅट मिळतात, ३०० ओहमच्या हेडफोनला जेमतेम ३. म्हणून खिशातल्या प्लेअरसाठी कमी ओहमचे हेडफोन रुळले. आणि ज्यांना स्टुडिओतला भारी हेडफोन खिशातल्या प्लेअरला लावायचा होता, ते मधल्या मध्ये लटकले.

हेडफोन ॲम्पचं मार्केट उभं राहिलं ते या लटकलेल्या मंडळींवर. १९९२ मध्ये मोंटानातल्या बोझमनला टिल हर्टसेन्सने हेडरूम ही कंपनी काढली, ती पोर्टेबल हेडफोन ॲम्प बनवायची. नव्वदच्या दशकातच चू मॉयने एक साधं सर्किट सगळ्यांसाठी खुलं केलं: एक ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी, ऑप-ॲम्प, थोडे रेझिस्टर आणि कपॅसिटर. ३ च्या जागी ९ व्होल्ट, अडचण तिथेच मिटली. तिकडे लोक ते पेपरमिंटच्या पत्र्याच्या डबीत बसवायचे. मी कॉलेजात असताना तपकीर गल्लीतून पार्ट आणून ते कंपास पेटीत बसवलं होतं. डबी बदलली तरी सर्किट चालतं!

या कथेतला माझा आवडता माणूस मात्र निनावी आहे. २०११ मध्ये एन-डब्ल्यू-एव्ही-गाय या नावाने लिहिणाऱ्या एका इंजिनिअरने ओ-टू नावाच्या ॲम्पचं डिझाइन मोजमापांसकट फुकट देऊन टाकलं. त्याचं म्हणणं सरळ होतं. गोंगाट आणि विकृती कानाला कळण्याच्या खाली गेली आणि पॉवर पुरेशी असली, की काम झालं. त्यापुढचे पैसे कॅबिनेटचे. महागड्या ॲम्पवाल्यांना ते कसं आवडलं असेल, तुम्हीच ठरवा. २०१२ मध्ये तो लिहायचा थांबला तो थांबलाच.

आता तुमचा फोन. २०१६ मध्ये आयफोन ७ मधून जॅक गेला आणि छोटा डोंगल आला. त्या डोंगलच्या टोकात डॅक आणि ॲम्प दोन्ही असतात. म्हणजे ॲम्प तुमच्याकडे आधीच आहे. ब्लूटूथ हेडफोन असेल तर विषयच संपला, ॲम्प त्याच्या पोटात असतो. बाहेरून लावलेला त्याला दिसतसुद्धा नाही.

मेसेज करणाऱ्याचा हेडफोन वायरवाला, ३२ ओहमचा, सहज वाजणारा आहे. माझं उत्तर: नको. त्याच्याकडे सेनहायझरचा ३०० ओहमवाला एचडी ६०० असता तर मी "आधी डोंगलवर ऐक, मग बोलू" म्हटलं असतं. हायफायमॅनचा एचई-६ असता तर बिनधास्त हो. त्याचा इम्पिडन्स फक्त ५० ओहम आहे, पण सेन्सिटिव्हिटी ८३.५ डेसिबल. त्याच्यापेक्षा २० डेसिबल जास्त सेन्सिटिव्ह हेडफोनला जेवढी पॉवर लागते, त्याच्या शंभर पट हा खातो. बॉक्सवरचे ओहम एकटे वाचून निर्णय घेऊ नका.

घरी करायची परीक्षा सोपी आहे. हळू आवाजातलं रेकॉर्डिंग लावा, एखाद्या ख्यालाची संथ सुरुवात चालेल. व्हॉल्यूम पूर्ण करूनही कमी पडतोय का? नसेल पडत, तर व्होल्टेजची अडचण तुमच्याकडे नाही. दुकानात दोन ॲम्प ऐकणार असाल तर दोन्हींचा आवाज आधी मोजून सारखा करून घ्या. एखाद्या डेसिबलने मोठा वाजणारा आपल्याला "जास्त मोठा" वाटत नाही, "जास्त छान" वाटतो. विक्रेत्यांना हे पक्कं ठाऊक असतं.

आणि घेतलाच, तर एक सांगतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबाने ८० डेसिबल आठवड्याला ४० तास चालतं, ९० असेल तर फक्त ४ तास. ॲम्पला ९० म्हणजे किस झाड की पत्ती. नॉब शून्यावर नेल्याशिवाय जॅक लावू नका.