ऑनलाइन वैद्यकीय सल्ला : स्त्रिया व बालके (देवळी तालुका)

समोरासमोर न बसता, मोबाइल किंवा संगणकावरून डॉक्टरांकडून घेतलेला सल्ला. वर्धा जिल्ह्यातील देवळी तालुक्यात गर्भवती, बाळंतिणी आणि लहान मुलांसाठी असा सल्ला घेण्याच्या वाटा बाकी देशाप्रमाणे दोन : केंद्र सरकारची ‘ई-संजीवनी’ सेवा आणि ओळखीच्या खासगी डॉक्टरांचा फोन किंवा व्हॉट्सॲप.

देवळीची गोष्ट मेळघाट किंवा गडचिरोलीपेक्षा वेगळी आहे. नागपूर-वर्धा-यवतमाळ रस्त्यावरच्या या गावापासून वर्धा वीस किलोमीटरच्या आत. सावंगी (मेघे) येथील वैद्यकीय महाविद्यालय तर वर्ध्याच्या अलीकडे, याच रस्त्यावर. वर्ध्यापलीकडे सेवाग्रामचे कस्तुरबा रुग्णालय. त्याची सुरुवातच 1940 च्या दशकात स्त्रिया व मुलांच्या छोट्या दवाखान्याने झाली आणि 1969 मध्ये तिथे महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था उभी राहिली. म्हणजे इथे स्त्रीरोगतज्ज्ञ किंवा बालरोगतज्ज्ञ लांब नाहीत. अडतो तो दिवस. कापूस वेचणीच्या दिवसांत दवाखान्यात जायचे म्हणजे मजुरी बुडते, सोबत कोणी तरी लागते, घरी उरलेल्या मुलांकडे पाहायला आणखी कोणी, आणि चिठ्ठी काढून रांगेत उभे राहण्यात दुपार जाते. त्यामुळे या तालुक्यात ऑनलाइन सल्ल्याचा खरा उपयोग ‘आज जायलाच हवे का?’ एवढे ठरवून घेण्याचा आहे. या प्रश्नाचे उत्तर वेळेवर मिळाले तर फुकटची खेप वाचते, आणि जायलाच हवे असेल तर घरचेही लवकर हलतात.

सेवेचे स्वरूप. ई-संजीवनीचे दोन भाग आहेत. नोव्हेंबर 2019 मध्ये सुरू झालेल्या पहिल्या भागात उपकेंद्रातील समुदाय आरोग्य अधिकारी, गावच्या बोलीत ‘सीएचओ मॅडम’, रुग्णाला समोर बसवून मोठ्या रुग्णालयातील डॉक्टरांशी जोडून देतात. दुसरा भाग टाळेबंदीत, 13 एप्रिल 2020 रोजी सुरू झाला. त्यात रुग्ण स्वतःच मोबाइल क्रमांकावर ओटीपी घेऊन नोंदणी करतो, टोकन मिळते, पाळी आली की डॉक्टर पडद्यावर येतात आणि औषधाची चिठ्ठी मोबाइलवर उतरते. फेब्रुवारी 2023 पर्यंत देशभरातील सल्ल्यांची संख्या 10 कोटींवर गेली होती. लाभ घेणाऱ्यांत 57 टक्क्यांहून अधिक स्त्रिया होत्या.

गर्भवतीसाठी पहिला भाग अधिक भरवशाचा. कारण उपकेंद्रात रक्तदाब मोजता येतो, हिमोग्लोबिन तपासता येते, वजन घेता येते आणि पलीकडच्या डॉक्टरांना आकडे मिळतात. घरून केलेल्या फोनवर ‘पाय सुजले’ एवढेच सांगता येते. रक्तदाब 140/90 च्या वर आहे की नाही यावर पुढचे सगळे अवलंबून असते. शिवाय उपकेंद्राची खोली बंद करता येते. अंगावरून पांढरे जाणे, पाळीच्या तक्रारी, दोन मुलांतले अंतर या गोष्टी सासू शेजारी बसलेली असताना आणि फोन नवऱ्याच्या हातात असताना कोण मोकळेपणाने बोलेल? घरात एकच स्मार्टफोन असेल तर ‘घरबसल्या सल्ला’ हा शब्द बाईपेक्षा घराला लागू पडतो.

मुलांच्या बाबतीत कॅमेऱ्याचा उपयोग अनेकांना वाटतो त्याहून जास्त आहे. खोकणाऱ्या बाळाचे झबले वर करून, ते रडत नसताना, फोन छातीसमोर पूर्ण एक मिनिट स्थिर धरला तर डॉक्टरांना श्वास मोजता येतो. दोन महिन्यांखालील बाळात मिनिटाला 60 किंवा अधिक, दोन महिने ते एक वर्षापर्यंत 50 किंवा अधिक आणि त्यापुढे पाच वर्षांपर्यंत 40 किंवा अधिक श्वास असतील तर ते जलद मानतात आणि न्यूमोनियाची शंका घेतात. श्वास घेताना छातीचा खालचा भाग आत ओढला जात असेल तर तेही दिसते. जुलाबात ओआरएस कसे पाजायचे, झिंकच्या गोळ्या जुलाब थांबल्यावरही 14 दिवस का पूर्ण करायच्या, बाळाला छातीशी नीट कसे धरायचे, हे सांगायलाही पडदा पुरतो. कानात पाहणे, पोट चाचपणे, गर्भाचे ठोके ऐकणे मात्र त्याच्या आवाक्याबाहेर.

कायदा. रत्नागिरीतील एका बाळंतिणीच्या मृत्यूनंतर, तिला प्रत्यक्ष न तपासता फोनवरून औषध दिल्याच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने जुलै 2018 मध्ये संबंधित डॉक्टर दांपत्याचा अटकपूर्व जामीन नाकारला. त्यानंतर राज्यातील डॉक्टर फोनवर काही सांगायलाच कचरू लागले, आणि ती भीती अनाठायी म्हणता येणार नाही, कारण स्पष्ट नियमच नव्हते. ते 25 मार्च 2020 रोजी ‘टेलिमेडिसिन प्रॅक्टिस गाइडलाइन्स’ या नावाने आले. त्यांनुसार प्रत्यक्ष तपासणी हवी की नाही हे ठरवण्याचा अधिकार डॉक्टरांचा आहे. चिठ्ठीवर त्यांचा नोंदणी क्रमांक लागतो, अमली व तत्सम औषधे लिहिता येत नाहीत. अल्पवयीन रुग्णासोबत प्रौढ व्यक्ती असावी लागते आणि तिची ओळख पटवून घेतली जाते. म्हणजे शाळकरी मुलीने पाळीच्या त्रासासाठी एकटीने लावलेला कॉल नियमात बसत नाही. अशा वेळी आशाताईंना सोबत बसवणे हा देवळीसारख्या ठिकाणी सोपा उपाय. गर्भपाताच्या गोळ्या मागण्याची ही जागा नव्हे. 1971 च्या वैद्यकीय गर्भपात कायद्याने ते काम पात्र, नोंदणीकृत डॉक्टरांकडेच ठेवले आहे.

कॉल न लावता थेट निघण्याची कारणे : गरोदरपणात रक्तस्राव, पाणी जाणे, झटके, डोळ्यांपुढे अंधारीसह तीव्र डोकेदुखी, पोटातील बाळाची हालचाल मंदावणे, प्रसूतीनंतर जास्त रक्त जाणे किंवा ताप, दोन महिन्यांखालील बाळाला ताप अथवा दूध न ओढणे, कोणत्याही वयाच्या मुलाला झटके किंवा सुस्ती. तेव्हा टोकनची वाट पाहू नये. 108 ची रुग्णवाहिका आणीबाणीसाठी, 102 ची गर्भवती व आजारी अर्भकांसाठी विनामूल्य आहे. बाळंतपणानंतर मन फार खचले, झोप उडाली, बाळाविषयी नकोसे वाटू लागले, तर ऑक्टोबर 2022 पासून चालू असलेल्या ‘टेली-मानस’च्या 14416 या क्रमांकावर बोलता येते. या आजाराकडे गावात अजून ‘बाहेरचं काही’ म्हणून पाहिले जाते, म्हणून तो क्रमांक भिंतीवर लिहिलेला बरा.

नोंदींचा प्रश्न. सगळ्यात ढिला दुवा इथे आहे. ऑनलाइन मिळालेली चिठ्ठी ज्या मोबाइलवर येते तो बहुधा नवऱ्याचा, आणि तो सकाळीच कामावर जातो. प्रसूतिगृहात मात्र डॉक्टर प्रथम मागतात ते कागदी माता-बाल संरक्षण कार्ड. पडद्यावर वाढवलेली लोहाची मात्रा किंवा बदललेली रक्तदाबाची गोळी त्यावर नसेल तर ती दिलीच नाही असे धरले जाण्याची भीती असते. म्हणून सल्ला संपताच तारीख, औषधाचे नाव व मात्रा त्या कार्डावर हाताने लिहून घ्यावी. उपकेंद्रात हे काम सिस्टर किंवा सीएचओंकडून करून घेता येते, घरून कॉल झाला असेल तर आशाताईंच्या पुढच्या भेटीत.