दत्तक राजपुत्रांचे संगोपन
दत्तक राजपुत्रांचे संगोपन : औरस वारस नसलेल्या राजघराण्यात दत्तक घेतलेल्या अल्पवयीन मुलाचे पालनपोषण, शिक्षण आणि राज्यकारभाराची पूर्वतयारी यांची व्यवस्था. एकोणिसाव्या शतकातील मराठी संस्थानांच्या इतिहासात तिला विशेष महत्त्व आहे.

धर्मशास्त्रात दत्तक हा बारा प्रकारच्या पुत्रांपैकी एक मानला असून, मनुस्मृतीनुसार दत्तक दिलेल्या मुलाचा जनक पित्याच्या गोत्राशी व धनाशी संबंध उरत नाही. नंद पंडिताच्या दत्तकमीमांसेसारख्या ग्रंथांत मुलाची पात्रता, दानाचा विधी व वारसा यांची तपशीलवार चर्चा आढळते. संगोपन मात्र गृहीत धरलेले आहे. विधीने मुलाचे कुळ एका दिवसात बदले. परक्या घरात रुळण्यास त्याला वर्षे लागत.

ईस्ट इंडिया कंपनीच्या काळात दत्तकाचा अधिकारच अनिश्चित होता. साताऱ्याचे दत्तकविधान नामंजूर होऊन ते राज्य १८४८ मध्ये खालसा ठरले. झांशीच्या गंगाधररावांनी मृत्यूच्या आदल्या दिवशी, २० नोव्हेंबर १८५३ रोजी, आनंदराव या लहान मुलास दत्तक घेऊन त्याचे नाव दामोदरराव ठेवले. डलहौसीने १८५४ मध्ये झांशी खालसा केली. १८५८ मध्ये राणी लक्ष्मीबाई धारातीर्थी पडल्या. दामोदररावांचे पुढील आयुष्य इंदूर येथे गेले (मृत्यू १९०६). लॉर्ड कॅनिंगने १८६२ मध्ये संस्थानिकांना दत्तकाच्या सनदा दिल्यानंतर वारशाचा प्रश्न बव्हंशी मिटला आणि मुलाला कोणी व कसे वाढवावे, हा प्रश्न पुढे आला.

कोल्हापुरात तो तीव्रपणे जाणवला. स्वतः दत्तक असलेले राजाराम महाराज १८७० मध्ये फ्लॉरेन्स येथे निवर्तले. त्यानंतर १८७१ मध्ये चौथे शिवाजी दत्तक आले. त्यांचा ताबा सरकारनियुक्त अधिकाऱ्यांकडे होता. पुढे त्यांना वेड लागल्याचे सांगण्यात आले, तर केसरी व मराठा या पत्रांनी त्यांचा छळ होत असल्याचा आरोप केला. दिवाण माधवराव बर्वे यांनी भरलेल्या बदनामीच्या खटल्यात आधारभूत पत्रे बनावट ठरून टिळक व आगरकर यांना १८८२ मध्ये १०१ दिवस डोंगरीच्या तुरुंगात काढावे लागले. २५ डिसेंबर १८८३ रोजी अहमदनगर येथे गोऱ्या पहारेकऱ्याशी झालेल्या झटापटीत शिवाजी महाराजांचा अंत झाला. त्या वेळी ते अवघे वीस वर्षांचे होते. प्रजेला या प्रकरणात पालकत्वाचीच हानी दिसली.

बडोद्यातील अनुभव वेगळा आहे. मल्हारराव पदच्युत झाल्यावर खंडेरावांच्या पत्नी जमनाबाई यांनी नासिक जिल्ह्यातील कवळाणे येथील गोपाळरावास २७ मे १८७५ रोजी दत्तक घेतले. हेच तिसरे सयाजीराव (१८६३–१९३९). शेतकरी कुटुंबातील या बारा वर्षांच्या मुलास अक्षरओळखीपासून आरंभ करावा लागला. एफ्. ए. एच्. एलियट यांच्या देखरेखीखाली शिक्षण आणि दिवाण टी. माधवराव यांची राज्यकारभारावरील व्याख्याने अशी आखणी झाली. महत्त्वाचे म्हणजे त्यांचे भाऊही बडोद्यास आले. जन्मघर पूर्णपणे तुटले नाही. १८८१ मध्ये त्यांना पूर्ण अधिकार मिळाले. पुढे त्यांनी १९०६ मध्ये संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले.

कोल्हापुरास आनंदीबाईसाहेबांनी १७ मार्च १८८४ रोजी कागलच्या घाटगे घराण्यातील यशवंतराव यांना दत्तक घेतले. तेच शाहू महाराज (१८७४–१९२२). त्यांचे जनक पिते जयसिंगराव हे १८८६ मधील मृत्यूपर्यंत कोल्हापूरच्या कारभारात होते. शाहूंचे शिक्षण राजकोटच्या राजकुमार महाविद्यालयात व नंतर धारवाड येथे एस्. एम्. फ्रेझर यांच्याकडे झाले. बंधू बापूसाहेब त्यांच्याबरोबर होते. २ एप्रिल १८९४ रोजी त्यांनी राज्याधिकार स्वीकारले.

या तुलनेवरून एकच नियम काढणे योग्य नाही. व्यक्ती व परिस्थिती भिन्न होत्या. तरीही जिथे पालकत्वाला आस्था लाभली व मुलाचे आप्त जवळ राहिले, तिथे नवे घर त्याला अधिक सुसह्य झाले असे दिसते. राजघराण्यातील दत्तक मुख्यतः कुळ व गादी यांसाठी होता. हिंदू दत्तक आणि निर्वाह अधिनियम, १९५६ ने मुलीच्या दत्तकासही मान्यता दिली, तर बाल न्याय अधिनियम, २०१५ ने बालकाचे हित अग्रस्थानी ठेवले. त्याखालील व्यवस्थेत दत्तकानंतरही काही काळ बालकाच्या प्रगतीचा पाठपुरावा केला जातो. संगोपनाचा जो प्रश्न जुन्या ग्रंथांनी गृहीत धरला होता, तो अशा रीतीने कायद्याच्या कक्षेत आला.