सरेच्या टेकड्या आणि लंडनचा रविवार

लंडनच्या दक्षिणेला, रेल्वेने तासाभराच्या अंतरावर, सरे परगण्यातल्या टेकड्या लागतात. सह्याद्रीत फिरलेल्या माणसाला ती टेकाडंच वाटतील. त्यांतली सर्वांत नावाजलेली बॉक्स हिल 224 मीटर, तर सर्वांत उंच लीथ हिल 294 मीटर. तरीही निदान साडेतीनशे वर्षं माणसं पायी, घोड्यावर, बग्गीतून, पुढे सायकलवरून इथे येत राहिली. इथे ना यात्रा भरते, ना कुणी नवस फेडायला येतं. वर जायचं, दम खायचा आणि दूरवर पाहायचं, एवढ्यासाठीच ही धडपड. पण वरची जागा कुणाच्या तरी मालकीची असायचीच. त्यामुळे इथल्या भटकंतीचा इतिहास बराचसा तिथे कुणी जायचं आणि कुणी बसायचं, याच भांडणाचा आहे.

नॉर्थ डाउन्स या खडूच्या डोंगररांगेचा घाटच असा, की लंडनकडून येताना जमीन हलकेच चढत जाते, चढतोय हे कळतही नाही. आणि दक्षिणेकडे ती एकदम तुटते. खाली मोल नदी, नदीपलीकडे डॉर्किंग गाव, त्यापुढे कुंपणांनी आखलेली शेतं आणि झाडी. बॉक्स हिलच्या उतारावर बॉक्सची सदाहरित झाडं आहेत. त्यांचं लाकूड इतकं जड की पाण्यात बुडतं. पुस्तकांतल्या चित्रांचे ठसे कोरायला त्याला मोठी मागणी असे.

जवळच्या वॉटन गावचा रोजनिशीकार जॉन एव्हलिन याने 1655 मध्येच या टेकडीची नोंद केली. पण खरी गंमत डॅनियल डिफोच्या प्रवासवर्णनात आहे. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला एप्सम गावी औषधी पाणी प्यायला आणि हवापालटाला आलेली बडी मंडळी रविवारी दुपारी बॉक्स हिलवर येत. माथ्यावर एक मोठं बीचचं झाड होतं, त्याच्याखाली तळघरासारखी पोकळी. डॉर्किंगच्या एका खानावळवाल्याने जमीनमालकाची परवानगी काढून तिथे टेबलं-खुर्च्या मांडल्या आणि दारू, खाणं विकायला सुरुवात केली. गर्दी वाढली, गाणंबजावणं आलं. रविवारचा हा धुडगूस परिसरातल्या लोकांना सोसेना. एका शनिवारी रात्री कुणीतरी दारूगोळा लावून ते तळघरच उडवून दिलं. नजारा पाहायला येणाऱ्यांची गर्दी आणि गावकऱ्यांची नाराजी ही जोडी इतकी जुनी आहे.

लीथ हिलची गोष्ट याच्या उलट आहे. तिथे राहणाऱ्या रिचर्ड हल या गृहस्थाने 1765 मध्ये माथ्यावर मनोरा बांधला. आपल्याबरोबरच शेजाऱ्यांना आणि सर्वांनाच आनंद मिळावा म्हणून तो बांधल्याचं दारावरच्या लॅटिन पाटीत कोरलं होतं. येणाऱ्यांसाठी त्याने दुर्बिणीही ठेवल्या. 1772 मध्ये तो वारला आणि त्याच्याच इच्छेप्रमाणे त्याला मनोऱ्याखाली पुरण्यात आलं. त्यानंतर मात्र दारं-खिडक्या चोरीला गेल्या. शेवटी आत दगडमाती आणि काँक्रीट भरून मनोरा बंद करून टाकला गेला. पुढे तो उंच केला गेला, तरी आत जायला वाट नव्हती. 1864 मध्ये एव्हलिन घराण्याच्या वारसाने तो पुन्हा खुला करायचं ठरवलं, तेव्हा आतलं काँक्रीट फुटता फुटेना. मग बाजूला जिन्याचा वेगळा बुरूज उभारला गेला. आजही लोक त्याच जिन्याने वर जातात आणि समुद्रसपाटीपासून 1,000 फुटांहून जास्त उंचीवर पोचतात. हवा स्वच्छ असेल तर दक्षिणेला साउथ डाउन्स टेकड्यांच्या खिंडीतून इंग्लिश खाडीची चमक दिसते.

1867 मध्ये बॉक्स हिलच्या पायथ्याशी रेल्वे आली आणि लंडनच्या नोकरदाराला हा रविवार परवडू लागला. पायथ्याच्या फ्लिंट कॉटेजमध्ये कादंबरीकार जॉर्ज मेरेडिथ राहत असे. त्याच्याकडे येणाऱ्यांत लेस्ली स्टीफन होते. लेखिका व्हर्जिनिया वुल्फचे हे वडील. आल्प्समधलं 4,078 मीटर उंचीचं श्रेकहॉर्न शिखर 1861 मध्ये पहिल्यांदा सर करणाऱ्यांपैकी ते एक. अशा माणसाने 1879 मध्ये ‘संडे ट्रॅम्प्स’ नावाची मंडळी जमवली आणि एका रविवारी वीसेक मैल अशा चालीने सरेच्या टेकड्या पालथ्या घातल्या. वाटेत खाजगी जमिनी आडव्या येत. मंडळींत फ्रेडरिक पोलॉक हा कायदेपंडित होता. रखवालदाराने अडवलं की सगळे मिळून कायदेशीर भाषेतलं एक निवेदन म्हणून दाखवत. आम्ही या जमिनीवर वहिवाटीचा कोणताही हक्क सांगत नाही, आणि भरपाई म्हणून हा एक शिलिंग देऊ करतो, असा त्याचा आशय. मग शिलिंग पुढे व्हायचा आणि मंडळी पुढे निघायची.

हे झालं प्रतिष्ठितांचं. सायकलने हीच मोकळीक कारकुनाला आणि दुकानातल्या नोकराला दिली. 1880 च्या दशकात पोर्ट्समथ रस्त्याने रिपली गावापर्यंत जायचं आणि तिथल्या ‘अँकर’ खानावळीत जेवून परतायचं, हा लंडनच्या सायकलस्वारांचा ठरलेला कार्यक्रम होता. खानावळ डिबल कुटुंबाची. त्या घरातल्या बहिणींची सायकलवाल्यांवर इतकी माया, की त्यांच्या पश्चात सायकलस्वारांनीच गावच्या चर्चमध्ये त्यांचं स्मारक केलं.

पण रिपलीचा रस्ता सपाटीचा होता, आणि त्याला कारण होतं. पुढे छातीएवढं चाक असलेल्या त्या जुन्या सायकलीवर चढ म्हणजे मरणाचे हाल आणि उतार म्हणजे जिवाशी गाठ. ब्रेक जेमतेम. उतारावर पाय हँडलवरून पुढे टाकून बसायचे, म्हणजे उलटलं तर डोक्यावर न पडता पायांवर पडता येईल! तीव्र उतारांच्या माथ्यावर सायकल संघटना धोक्याच्या पाट्या लावत. 1885 ची जॉन केम्प स्टार्लीची जवळपास समान चाकांची सायकल, 1888 चा डनलॉपचा हवेचा टायर आणि 1902 मध्ये आलेले स्टर्मी-आर्चरचे तीन गिअर, या तिन्हींमुळे टेकडी आवाक्यात आली. सतरा वर्षांत चढ हा अडथळा न राहता आवडीचा भाग झाला. या सगळ्या कथेतलं हे सर्वांत मोठं वळण मानायला हवं.

बायकांना मात्र रस्ता मिळाला तरी खोली मिळेना. ऑक्टोबर 1898 मध्ये लेडी हार्बर्टन सायकलवरून ऑकमच्या ‘हॉटबॉय’ हॉटेलात पोचल्या. अंगात कोट आणि गुडघ्याखाली आवळलेली ढगळ विजार. मालकिणीने कॉफी-रूममध्ये जेवण द्यायला नकार दिला. हवं तर दारूच्या बारमध्ये बसा म्हणाली. त्यांच्या वतीने सायकलिस्ट्स टूरिंग क्लबने खटला गुदरला. 1899 मध्ये ज्यूरीने हॉटेलवालीच्या बाजूने कौल दिला. बारची खोलीही बसण्याजोगी होती, म्हणजे जेवण नाकारलं असं होत नाही, एवढ्यावर निकाल लागला. खटला हरला तरी वर्तमानपत्रांनी त्याची इतकी चर्चा केली, की बायकांच्या सायकलीचा आणि पेहरावाचा प्रश्न घरोघरी पोचला.

जमिनीची लढाई दुसरीकडे चालू होती. 1895 मध्ये अशा जागा जपणारी नॅशनल ट्रस्ट ही संस्था स्थापन करणाऱ्या तिघांपैकी रॉबर्ट हंटर हे वकील सरेमधल्याच हॅझलमिअरचे रहिवासी. 1914 मध्ये बॉक्स हिलचा भाग विक्रीला निघाला. त्यावर बंगले उठणार अशी भीती होती. लिओपोल्ड सॅलोमन्स यांनी 16,000 पौंड मोजून 230 एकर घेतले आणि ट्रस्टला देऊन टाकले. माथ्यावरच्या ज्या दगडी कठड्यापाशी आज सगळे थांबतात, तो त्यांच्याच नावाचा. पायथ्याशी मोल नदीत दगड टाकून केलेली पायवाट आहे. दुसऱ्या महायुद्धात शत्रूला वाट मिळू नये म्हणून ते दगड काढले होते. गृहमंत्री चूटर ईड यांनी स्वतःच्या खर्चाने नवे बसवले आणि 1946 मध्ये पंतप्रधान ॲटली यांच्या हस्ते वाट पुन्हा खुली झाली. नदीतल्या सतरा पावलांच्या वाटेसाठी देशाचा पंतप्रधान येतो, यावरून तिथल्या लोकांच्या मनात रविवारच्या चालण्याला काय स्थान होतं ते दिसतं. 1958 मध्ये सरेच्या टेकड्यांना संरक्षित निसर्गसौंदर्याचा दर्जा मिळाला.

मग आलं 2012 चं ऑलिंपिक. पुरुषांच्या रस्ता शर्यतीत बॉक्स हिलचा झिगझॅग रस्ता नऊ वेळा चढायचा होता, महिलांच्या शर्यतीत दोनदा. खडूच्या मातीतली ऑर्किड आणि फुलपाखरं तुडवली जाऊ नयेत म्हणून टेकडीवर तिकिटं लावून प्रेक्षकांची संख्या आवरली गेली. तेव्हापासून त्या चढावर दर रविवारी सायकलींची रीघ असते आणि अरुंद गल्ल्यांतल्या रहिवाशांची तक्रारही.

लीथ हिलच्या पश्चिमेला हर्टवूड नावाचा खाजगी रानमाळ आहे. मालक रेजिनाल्ड ब्रे यांनी 1926 मध्ये करार करून तो लोकांना मोकळी हवा आणि व्यायामासाठी कायमचा खुला केला. त्या करारात सायकलींचा विचारच नव्हता. आज तिथल्या वालुकामय उतारांवर माउंटन बाइकवाले गर्दी करतात ते हक्काने नव्हे, जमीनमालकाच्या संमतीने.